पंचांग बघताय? आधी गाव सांगा

अधिक महिना आला की माझ्या टपालात भर पडते. यंदा तर पाडव्यापासूनच पत्रं सुरू झाली, कारण शके १९४८ चा पहिला दिवसच क्षयतिथीचा निघाला. नव्या वाचकांसाठी एकदा सांगून ठेवते: मी ज्योतिषी नाही. वाईला आमच्या घरी वडील पंचांग सांगायचे, पाडव्याला चार घरी जाऊन वर्षफल वाचायचे. मी मात्र उभा जन्म शाळेत गणित शिकवलं. तेव्हा पत्रिका पाठवू नका, मुलीचं लग्न कधी जमेल तेही विचारू नका. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं कशी काढतात आणि तुमच्या हातातल्या पंचांगात ती तशी का छापली आहेत, एवढं मी सांगू शकते. आणि कृपा करून पत्रात गावाचं नाव लिहीत चला. निम्मी उत्तरं तिथंच दडलेली असतात.

बाई, १९ मार्चला आम्ही सकाळी सहाला गुढी उभारली. नंतर कॅलेंडर नीट पाहिलं तर ६:५३ पर्यंत अमावास्या! म्हणजे गुढी अमावास्येला उभारली की काय? सासूबाई अजून बोलून दाखवतात. त्यात बहीण दुबईला, तिच्या मोबाईलमध्ये साधी ‘प्रतिपदा’ आणि आमच्याकडे ‘प्रतिपदा क्षय’. पाडवा एक, मग हे दोन प्रकार कसे? – वाचक, ठाणे

दोन्ही बरोबर आहेत, आणि यंदाचा पाडवा मला गणिताच्या दृष्टीने फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी संपते. घड्याळातल्या मध्यरात्रीशी तिचं काही देणंघेणं नाही. चंद्राचा वेग कमीजास्त होतो. तो पृथ्वीच्या जवळ असला की भराभर चालतो, लांब असला की रेंगाळतो. त्यामुळे कुठली तिथी वीसएक तासांत आटोपते, तर कुठली सव्वीस तासांपर्यंत लांबते. दिवस मात्र आपण सूर्योदय ते सूर्योदय मोजतो, आणि सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं नाव त्या दिवसाला देतो. आता एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू झाली आणि पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिच्या वाट्याला सूर्योदयच येत नाही. तिला क्षयतिथी म्हणायचं. उलट दोन सूर्योदय मिळाले तर वृद्धितिथी.

यंदा अमावास्या संपली गुरुवारी १९ मार्चला सकाळी ६:५३ च्या सुमारास. प्रतिपदा तिथून सुरू झाली आणि जेमतेम बावीस तासांत, शुक्रवारी पहाटे पाचच्या आत संपून गेली. मुंबई-ठाण्यात त्या दिवशी सूर्य उगवला पावणेसातला. म्हणजे आठ-नऊ मिनिटांनी प्रतिपदेचा सूर्योदय हुकला. नागपूरला तर सूर्य सव्वासहाच्या सुमारासच वर आला होता, तिथं प्रश्नच नव्हता.

आता तुमच्या बहिणीकडे चला. अमावास्या संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. आपले ६:५३ म्हणजे दुबईचे ५:२३. दुबईत त्या दिवशी सूर्योदय होता सहा वाजून चोवीस-पंचवीस मिनिटांनी. म्हणजे तिथं सूर्य उगवला तेव्हा प्रतिपदा लागून तास उलटला होता. तिच्याकडे क्षय नाहीच! इतक्या लांबही जायला नको. द्वारकेचा सूर्य मुंबईच्या नुसता पाव तासाने मागे असतो, तर तिथंही यंदा सूर्योदयाला प्रतिपदा सापडते.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. पाडव्याला सूर्योदयाची प्रतिपदा घ्यावी हा नियम खरा, पण ती कुठल्याच सूर्योदयाला मिळत नसेल तेव्हा ज्या दिवशी ती सुरू होते तोच पाडवा धरायचा हेही ठरलेलंच आहे. म्हणून साऱ्या महाराष्ट्राने १९ तारखेलाच गुढी उभारली. तुमची उभारली गेली सहाला, तेव्हा ठाण्यात सूर्यसुद्धा उगवला नव्हता. माझे वडील असते तर एवढंच म्हणाले असते, “इतकी घाई कसली, आधी चहा घ्या.” गुढी दिवसभर उभी होती ना? मग प्रतिपदेला होतीच की.

या संवत्सराचं नाव ‘पराभव’ आहे असं कळलं. मुलगा यंदा दुकान काढतोय. वर्षभर थांबावं का? – वाचक, बार्शी

थांबू नका. साठ नावांचं चक्र आहे, क्रमाने येत राहतं. गेल्या वर्षी विश्वावसू होतं, त्याआधी क्रोधी. याआधीचं पराभव संवत्सर शके १८८८ चं, म्हणजे १९६६ च्या पाडव्यापासूनचं. त्या वर्षात जन्मलेल्यांची साठीशांत यंदा होईल, त्यांच्यातल्या कुणा दुकानदाराला गाठून विचारा कसं काय चाललंय ते.

मुलाचा इंटरव्ह्यू शुक्रवारी साडेदहाला आहे. भिंतीवरच्या तक्त्यात शुक्रवारचा राहुकाळ १०:३० ते १२:०० दिलाय. मोबाईलमध्ये मात्र १०:५८ ते १२:३८ दाखवतंय. कुठला खरा मानायचा? आणि वेळ बदलून मागावी का? – वाचक, डोंबिवली

वेळ बदलून मागू नका, हे आधी. कंपनीत ‘राहुकाळ आहे हो’ म्हणून सांगणार आहात का?

आता हिशेब. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे आठ समान भाग करायचे. त्यातला एक भाग राहूचा. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी आठवा. पहिला भाग कुठल्याच वारी राहूचा नाही. एवढंच शास्त्र. भिंतीवरचा तक्ता ज्याने केला त्याने सोयीसाठी सूर्य सहाला उगवतो आणि सहाला मावळतो असं धरलं. म्हणून प्रत्येक भाग दीड तासाचा आला आणि साडेदहा, बारा असे गोल आकडे आले.

तुमच्या डोंबिवलीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य उगवतो सहाला आणि मावळतो सव्वासातला. दिवस सव्वातेरा तासांचा. एक भाग १ तास ३९ मिनिटांचा. सहाला तीन भाग मिळवा, झाले अकराला दोन-तीन मिनिटं कमी. मोबाईलने तेच केलंय, तेव्हा गणित त्याचं बरोबर आहे. हेच जानेवारीत करून बघा: सूर्योदय ७:१४, सूर्यास्त ६:१७, एक भाग १ तास २३ मिनिटांचा. शुक्रवारचा राहुकाळ ११:२३ ते १२:४६.

यात एक गंमत दिसली का? शुक्रवारचा राहुकाळ हा चौथा भाग, म्हणजे तो नेहमी माध्यान्हीला संपतो. मुंबई-डोंबिवलीत माध्यान्ह घड्याळाच्या बाराला कधीच होत नाही. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, मिर्झापूरच्या बाजूला. आपण बसलोय त्र्याहत्तरच्या आसपास. त्यामुळे सूर्य डोक्यावर यायला नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ होतात आणि फेब्रुवारीत १२:५३. म्हणजे ‘साडेदहा ते बारा’ हा तक्ता तुमच्या गावात वर्षातल्या एकाही शुक्रवारी लागू पडत नाही. लोक बारा वाजले म्हणून हुश्श करतात आणि राहुकाळातच सह्या करतात. आणि त्यांचं काही अडलेलंही दिसत नाही!

अभिजित मुहूर्ताचंही तेच. तो दिवसाच्या पंधरा मुहूर्तांतला आठवा, बरोबर मध्यावरचा. बाराच्या अलीकडे-पलीकडे चोवीस मिनिटं असं जे सांगतात ते मुंबईकराने १२:३८ च्या अलीकडे-पलीकडे समजावं.

आता माझं मत विचारलं नाहीत तरी देते. राहुकाळ पाळण्याचा कडक रिवाज दक्षिणेतला. तमिळ, तेलुगू, कन्नड घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ते लोक तो नीट पाळतात. आमच्या वाईत वडिलांकडे कुणी मुहूर्त विचारायला आलं तर ते भद्रा हे वर्ज्य करण बघत, व्यतिपात-वैधृती हे वर्ज्य योग बघत, अमावास्या टाळत. राहुकाळ त्यांच्या तोंडी मी ऐकला नाही. गुजराती शेजाऱ्यांकडून चौघडिया येतो, तेलुगू मित्राकडून राहुकाळ, मोबाईलमधून यमगंड आणि गुलिक. सगळ्यांचे वर्ज्य काळ एकत्र केले तर दिवसात आंघोळीपुरतासुद्धा वेळ उरणार नाही. ज्याने त्याने आपल्या घरचं जे असेल ते पाळावं.

साडेदहाचा इंटरव्ह्यू आणि १०:५८ चा राहुकाळ. मुलाला म्हणावं दहालाच जाऊन बस.

नात झाली! मंगळवारी पहाटे ४:१० ला. दवाखान्याच्या कागदावर मंगळवार आहे, गुरुजी म्हणतात सोमवारचा जन्म. आम्ही सगळ्यांना मंगळवार सांगून बसलोय. – वाचक, सांगली

अभिनंदन. सरकारी दाखल्यावर मंगळवारच राहू द्या, त्यात गुरुजींना आणू नका. उद्या शाळेत आणि पासपोर्टला तीच तारीख लागणार. पत्रिकेत मात्र वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पहाटे चारला सोमवारच चालू असतो. तिथी, नक्षत्र, चरण हे त्या क्षणाचंच घ्यायचं, तिथं मतभेदाला जागा नाही. नावाचं अक्षर चरणावरून निघतं, तेव्हा बारशाला अडचण नाही.

एक सावधगिरी. काही पंचांगांत रात्री बारानंतरच्या वेळा २५, २६, २८ अशा छापतात. २८:१० म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहाटेची ४:१०. दुसऱ्या गावच्या कुणाला पत्रिका करायला द्याल तेव्हा “सोमवारी पहाटे चार” असं चुकूनही सांगू नका, पूर्ण चोवीस तास मागची पत्रिका हातात पडेल. इंग्रजी तारीख आणि घड्याळातली वेळ लिहून द्या. पुढचं ते बघतील.

आमच्या वाडीत एका घरी सगळ्यांच्या महिनाभर आधी गणपती बसतो. २०२३ ला त्यांचा २० ऑगस्टला बसला, आमचा १९ सप्टेंबरला. ते म्हणतात आमचं टिळक पंचांग. लहानपणी आम्हाला दोनदा मोदक मिळायचे म्हणून कधी विचारलं नाही. आता नातू विचारतो, चतुर्थी दोन कशा? – वाचक, रत्नागिरी

नातवाला सांगा, चतुर्थी दरमहा असते, भाद्रपद कुठला यावर भांडण आहे.

हे भांडण दीडशे वर्षांचं आहे आणि अस्सल मराठी आहे. आपल्याकडे शेकडो वर्षं पंचांगं व्हायची ती ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून. तो लिहिला गणेश दैवज्ञांनी, तुमच्याच कोकणातल्या मुरूडजवळच्या नांदगावात, शके १४४२ म्हणजे १५२० मध्ये. ज्या-कोटिज्या (साइन-कोसाइन) न वापरता ग्रहगणित करता येईल अशी सोय त्यांनी केली, त्यामुळे गावोगावचे जोशी त्याच्या आधाराने पंचांग करू शकले. पण साडेतीनशे वर्षांत आकाश आणि कोष्टकं यांत फरक पडत गेला. पंचांगातलं ग्रहण आणि डोळ्यांना दिसणारं ग्रहण जुळेना. तेव्हा पुण्याचे गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवरून गणित करून १८६५ पासून पंचांग काढलं. आबासाहेब पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला म्हणून ते पटवर्धनी पंचांग. लोकमान्य टिळक कॉलेजात असताना याच छत्र्यांचे विद्यार्थी. पुढे पंचांग शोधनासाठी परिषदा झाल्या, १९०४ ची मुंबईची त्यातलीच, आणि टिळक त्यांत आघाडीवर होते.

गणित दृक्‌प्रत्ययी असावं, म्हणजे आकाशात दिसेल तेच छापावं, यावर हळूहळू सगळे आले. भांडण राहिलं ते मोजपट्टीचा शून्य कुठं धरायचा यावर. राशिचक्राला आकाशात आखलेली रेघ नाही. छत्रे आणि टिळकांनी रेवती नक्षत्रातला एक मंद तारा आरंभाला धरला, त्याला रेवती पक्ष किंवा रैवतपक्ष म्हणतात. व्यंकटेश बापूजी केतकरांसारखे दुसरे मोठे गणिती चित्रा पक्षाचे: चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर येईल असा शून्य घ्यायचा. दोन शून्यांत जवळपास चार अंशांचं अंतर आहे. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये सरकारने समिती नेमली, तिनेही धार्मिक पंचांगासाठी चित्रेला जुळणारं मान घेतलं. आज सोलापूरचं दाते पंचांग, कालनिर्णय, बहुतेक सगळे त्याच बाजूला आहेत. टिळक पंचांग मानणारी घरं थोडी, पण ती निष्ठेने पाळतात, आणि कोकणात जरा जास्त भेटतात.

चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. तिथवर ठीक. पण महिन्याचं नाव ठरतं त्या महिन्यात सूर्याची कुठली संक्रांत, म्हणजे राशिप्रवेश, पडली यावरून. ज्या चांद्रमहिन्यात संक्रांतच नाही तो अधिक. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा महिना होता. चित्रा पक्षाची सिंह संक्रांत आली १७ ऑगस्टला, एका दिवसाने महिन्याबाहेर. म्हणून आपला तो अधिक श्रावण झाला. टिळक पंचांगाची सिंह संक्रांत चार दिवस आधी, १३ च्या सुमारास, महिन्याच्या पोटात. त्यांचा तो साधा श्रावण, आणि पुढचा लगेच भाद्रपद. त्या घरचा गणपती २० ऑगस्टला बसला तो असा.

कुणाचं चुकलं हे नातवाने विचारलं तर? चंद्र, सूर्य, चतुर्थी दोघांच्या पंचांगात एकच. शून्य कुठून मोजायचा हे माणसांनी ठरवायचं असतं, आणि माणसांचं एकमत झालं नाही. मोदक दोन्हीकडे खात राहा.

लेकीचं लग्न गुरुपुष्यामृतावर करायचं मनात आहे. एवढा चांगला योग, पण गुरुजी नाही म्हणतात. हॉल मिळतोय हो! – वाचक, लातूर

गुरुजींचं ऐका, ते पुस्तकाबाहेर बोलत नाहीयेत. पुष्य नक्षत्र बहुतेक कामांना उत्तम, पण विवाहाला वर्ज्य सांगितलंय. रोहिणी, मृग, मघा, तिन्ही उत्तरा, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, रेवती ही लग्नाची नक्षत्रं; त्यांत पुष्य नाही. गुरुपुष्य हा वार आणि नक्षत्र जुळून होणाऱ्या अमृतसिद्धी योगांतला एक. ते सात वारांचे सात, पण तिघांना एकेक अपवाद जोडलेला आहे: गुरुपुष्याला लग्न नको, शनिवारी रोहिणीला प्रवास नको, मंगळवारी अश्विनीला गृहप्रवेश नको. गुरुपुष्याला सोनं घ्या, सराफ वाटच बघतात. हॉल त्या तारखेला मोकळा का मिळतोय, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

यंदाच्या अधिक ज्येष्ठाबद्दल तीन शंका. वटपौर्णिमा ३१ मेची धरायची की पुढची? जावयाला वाण काय द्यायचं, कारण विहीणबाईंकडे चांदीच्या ताटाची बोलणी चाललीत. आणि धाकटी २००७ च्या अधिक ज्येष्ठात जन्मली, तिचा तिथीने वाढदिवस कधी? – वाचक, नाशिक

वटपौर्णिमा २९ जूनला, सोमवारी. सणवार, व्रतं सगळी निज महिन्यात, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या महिन्यात. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. ३१ मेची पौर्णिमा त्यातली, तिला वड पुजायचा नाही. हा महिना अधिक कसा ठरला तेही मजेशीर आहे. वृषभ संक्रांत १५ मेलाच होऊन गेली होती. पुढची मिथुन संक्रांत १५ जूनला, पण दुपारी. आणि अमावास्या त्याच दिवशी सकाळी साडेआठच्या आत संपते. काही तासांनी संक्रांत हुकली आणि सगळे सण पुढे गेले. गणपती आता १४ सप्टेंबरला.

वाणाचं म्हणाल तर अनारसे किंवा बत्तासे, सच्छिद्र पदार्थ, तेहतीस. जुन्या ग्रंथांत बत्तीस महिने सोळा दिवसांनी अधिक मास येतो असं म्हटलंय, आणि तेहतीसचा आकडा तिथल्या हिशेबाशीही जवळ बसतो. तेहतीस देवांसाठी असंही सांगतात. माझी आई तांब्याच्या ताम्हनात अनारसे मांडायची, वर एक दिवा, आणि जाळीचा अनारसा फसला की तेवढा आम्हा मुलांना मिळायचा. चांदीचं ताट कुठल्या पोथीत आहे ते मला सापडलेलं नाही. ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या जाहिरातीत मात्र हमखास असतं. विहीणबाईंना हवं असेल तर हौस म्हणून द्या, पण अधिक मासावर त्याचं बिल फाडू नका.

धाकटीचा वाढदिवस आजवर तुम्ही ज्येष्ठातच केला असेल, तेच योग्य, अधिकात जन्मलेल्यांचा निज महिन्यातच धरतात. पण यंदा तिची एकोणीस वर्षं पूर्ण होताहेत आणि हे वर्ष खास आहे. एकोणीस सौर वर्षांत २३५ चांद्रमहिने जवळजवळ अचूक बसतात: बारा गुणिले एकोणीस, २२८, अधिक सात. म्हणून एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात, आणि एकोणीस वर्षांनी तारीख व तिथी पुन्हा गळ्यात गळा घालतात. २००७ चा अधिक ज्येष्ठसुद्धा १७ मे ते १५ जूनच होता! तिची तारीख आणि तिथी पडताळून बघा, फार तर एखाद्या दिवसाचा फरक निघेल. औक्षण आत्ता करा, निज ज्येष्ठात पुन्हा करा. दोनदा ओवाळलं म्हणून कुणी रागावत नाही.

दरवर्षी राखीपौर्णिमेला भद्रा कशी येते? २०२३ ला तर रात्री नऊपर्यंत थांबायला सांगत होते. यंदा काय? भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला व्हिडिओ कॉलवर राखी बांधायला सांगते. – वाचक, कोल्हापूर

भद्रा म्हणजे विष्टी करण. तिथीचा अर्धा भाग म्हणजे करण, आणि पौर्णिमेचा पहिला अर्धा भाग हा नेहमी विष्टीच असतो. नेहमी, दर महिन्याला. म्हणून राखीला आणि होळीला हमखास ही चर्चा निघते. बाकीच्या पौर्णिमांना कुणी बघत नाही. २०२३ ला ३० ऑगस्टला पौर्णिमा सकाळी अकराला सुरू झाली, अर्धी सरेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. आपल्याकडे पूर्वी नारळीपौर्णिमा, श्रावणी हे मोठं. राखी घरगुती कौतुकाची, तिला भद्रेची एवढी धास्ती आमच्या घरी कुणी घेतली नाही. उत्तरेत ती घेतात आणि टीव्हीवरच्या बातम्या तिकडच्या असतात.

यंदा राखी शुक्रवारी २८ ऑगस्टला. पौर्णिमा आदल्या दिवशी सकाळी नवाच्या पुढे सुरू होते, भद्रा त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास संपते. २८ ला सकाळी उठाल तेव्हा भद्रा नावालाही नाही. पौर्णिमा सकाळी ९:४८ पर्यंत, पण सूर्योदयाला आहे, तेव्हा दिवसभर राखी बांधायला हरकत नाही. त्या दिवशी खंडग्रास चंद्रग्रहण आहे, पण ते होतं तेव्हा आपल्याकडे चंद्र मावळलेला असतो. मोबाईलवर कुणी वेध-सूतक पाठवलं तर पुढे ढकलू नका.

भावाचं मात्र वेगळं. आपले २८ तारखेचे सकाळचे ९:४८ म्हणजे त्याच्याकडे २८ तारीख जेमतेम सुरू झालेली, रात्रीचे बारा वाजून अठरा मिनिटं. त्याची पौर्णिमा गुरुवारी २७ लाच सूर्योदयाला आहे आणि तिथं भद्रा दुपारी बाराच्या सुमारास संपते. ग्रहण तिकडे दिसणार, गुरुवारी रात्री साडेदहानंतर. तेव्हा त्याने २७ ला दुपारनंतर, कामावरून घरी आल्यावर जेवणाआधी बांधून घ्यावी. तेव्हा कोल्हापुरात शुक्रवारची पहाट असेल, व्हिडिओ कॉलसाठी गजर लावून उठावं लागेल. आणि पाकीट जुलैतच पोस्टात टाका, ऑगस्टमध्ये टाकलेली राखी तिकडे गणपतीत पोचते.